परडीतल्या गोळ्या

२६ सप्टेंबर, गुरुवार

दसरा काढून झाला, म्हणजे घट बसायच्या आधीची घरभरची धुणीपुसणी. घरातली शेवटची गोधडीसुद्धा धुऊन गच्चीवर पडली. माळ्यावरची धूळ बघून प्रश्न पडला की ह्या घरात माणसं राहतात का घोरपडी. आमचे हे, म्हणजे बलभीमराव, सकाळी चहा पिऊन जे पारावर गेले ते सगळं आवरल्याची खात्री झाल्यावरच परत आले, आणि दारातूनच म्हणाले, "झालं का? मला सांगायचं की." तेहतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरं हाकली मी, पण असा हजर गैरहजर विद्यार्थी दुसरा पाहिला नाही.

सूनबाईंची सूचना अशी, की गोधड्या लाँड्रीत देऊ. भूममध्ये गोधडी धुणारी लाँड्री असेल तर तिच्या मालकाला मी स्वतः हार घालीन. आमचा रणधीर नोकरीला बाहेरगावी, आणि त्याची बायको निकिता इथं पंचायत समितीत कॉम्प्युटरवर असते, त्यामुळे बटण दाबलं की सगळं होतं असा तिचा समज आहे. तरी आज रजा टाकून पिळायला आली. पिळते कसली, गोधडीनं तिलाच पिळलं.

खोकला आहे चार दिवसांचा. धुळीचा आहे, जाईल. निकिता म्हणते डॉक्टरला दाखवा. देवानं माणसाला नाक दिलंय तेच डॉक्टरला दाखवायला, असं तिचं मत आहे.

२९ सप्टेंबर, रविवार

ताप. उजव्या बरगडीखाली श्वास घेतला की सुई टोचते. गोधड्यांनी उसण भरली, दुसरं काय.

शेजारच्या सारजाबाई आल्या, पदराच्या गाठीतून गोळ्यांची अर्धी पट्टी काढली. "बाई, ह्या घ्या. माज्या नातवाला दिल्या व्हत्या डॉक्टरनं. तीन खाल्ल्या की पोरगं खेळाया लागलं. उरलेल्या म्या ठिवल्या. टाकायच्या कशाला?" गोळी कशाची, त्यांना माहीत नाही. मलाही नाही. पण माणूस प्रेमानं देतो तेव्हा तपशील विचारू नये. दोन घेतल्या, एक सकाळी, एक आत्ता.

निकितानं काखेत थर्मामीटर खुपसला. मग समोर बसून मोबाईलमधलं घड्याळ लावलं आणि माझ्या छातीकडं टक लावून बघत बसली, चांगलं मिनिटभर. माझी बोरमाळ तिथंच असते. बघून घे बाई, शेवटी तुलाच यायचीय, पण इतकी घाई बरी नव्हे. पुन्हा संध्याकाळी तेच. वर ह्यांना जाऊन हळूच म्हणते, "बाबा, तीसच्या वर जातंय." बोरमाळेचे मणी तीसच्या वर आहेतच. माझ्या आईनं केलेली आहे, पोकळ नाही.

३० सप्टेंबर, सोमवार

नेलं एकदाचं डॉक्टरकडं. स्टँडजवळचे, भले आहेत. फोटो काढला छातीचा. उजव्या बाजूला खाली पांढरा डाग. न्यूमोनिया म्हणे. म्हणाले, धाराशिवला भरती व्हा. मी म्हटलं, परवा सर्वपित्री, तेरवा घट बसायचेत, घटाला तुम्ही पाणी घालणार का? तर म्हणाले, मग ह्या गोळ्या घ्या, सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर, एक चुकवायची नाही, आणि ताप गेला तरी पट्टी संपेपर्यंत थांबायचं नाही. हे शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं, एकदा माझ्याकडं बघून, एकदा निकिताकडं. मी काय पहिलीतली आहे?

दुकानातून आणलेल्या गोळ्या भल्यामोठ्या. म्हशीला देतात त्यातल्या वाटल्या. ह्यांनी हातात घेऊन वजन केलं आणि "बघू की" म्हणाले. लग्नाच्या मांडवातही हेच म्हणाले होते.

२ ऑक्टोबर, बुधवार, सर्वपित्री

ताप उतरला. भूक लागली. पितरांना नैवेद्य झाला, आणि आमटी-भात मी दोनदा घेतला. दोन दिवसांच्या गोळ्यांत काम झालं. डॉक्टर लोक सात दिवसांच्या देतात त्यात चार दिवस आजाराचे आणि तीन दुकानदाराचे असतात, हे मला कुणी शिकवायला नको.

उद्या घट. शेतातली काळी माती ह्यांनी आणून दिली. आणली म्हणजे खत घातलेली आणली. परत पाठवलं.

३ ऑक्टोबर, गुरुवार, घटस्थापना

घट बसले. पाच धान्यं पेरली, पानांची माळ सोडली, नंदादीप लागला. परडी घासून-पुसून देव्हाऱ्यात ठेवली. सासूबाईंच्या हातची परडी आहे, तुळजापूरहून आणलेली, वेताची. आत कवड्यांची माळ आणि कुंकवाचा करंडा. तिला माझ्याशिवाय हात लावायची कुणाची टाप नाही.

उपास नेहमीचा नाही ह्या वर्षी. दरवर्षी मी भगर खाते, साबुदाणा खाते. औंदा कडक धरलाय. फळं, दूध, शेंगदाणे, रताळं, बस. पायात चप्पल नाही, गादी नाही, फरशीवर सतरंजी. हे म्हणाले, "आजारातून उठलीस, एवढं कशाला?" सांगितलं नाही. इथं लिहिते, इथं कुणी वाचत नाही.

गेल्या फाल्गुनात निकिताचं तिसऱ्या महिन्यात गेलं. तेव्हापासून ती त्यावर बोलत नाही. मी बोलायला जाते आणि माझ्या तोंडून भलतंच निघतं. परवा जवळ जाऊन बसले, पाठीवरून हात फिरवावा म्हणून, आणि म्हणाले काय, तर तुझ्या केसात कोंडा झालाय. तोंडाला माझ्या तेहतीस वर्षांची सवय आहे, चुका काढायची. म्हणून तुळजापूरच्या आईसाहेबांकडं मागणं घातलंय. तिची कूस भरू दे, मी नऊ दिवस कडक करते. बोलता येत नाही ते करून दाखवायचं.

आता राहिला गोळ्यांचा प्रश्न. जेवणानंतर घ्यायची गोळी, आणि जेवण तर नऊ दिवस नाही. दूध-केळ्यावर म्हशीची गोळी टाकली तर आतडी बाहेर येतील. शिवाय ताप गेलेला आहे. उपासाच्या पोटात औषध सासूबाईंनीही कधी घातलं नाही आणि त्या शहाऐंशी वर्षं जगल्या. हे निकिताला पटणार नाही. तिचा आयुष्यातला एकमेव उपास म्हणजे तुळजापूरला जाताना बसमध्ये काही खात नाही, कारण उलटी होते. सकाळी पोहे मिळाले नाहीत तर दुपारपर्यंत तिचं डोकं दुखतं.

ती ऑफिसला जाताना गोळी आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी राहिली. मी गोळी गालात धरली, पाणी प्यायले, मान हलवली. ती गेली की काढून पदराला पुसली आणि परडीत, कवड्यांच्या खाली, कागदात गुंडाळून ठेवली. वर्गात पोरं चिंचा अशाच लपवायची. मी पकडायचे. मला पकडणारं कुणी जन्मलेलं नाही.

५ ऑक्टोबर, शनिवार

पाच गोळ्या झाल्या परडीत. दसऱ्यानंतर सारजाबाईंना देईन, त्यांच्या गोळ्यांची परतफेड होऊन जाईल.

थकवा आहे. उपासाचा असणारच. खोकला परत आलाय, पण थोडा. बेडका जरा गंजासारखा पडतो. कुंकवाचा हात तोंडाला लागला असंल.

घटाला आज दोनदा पाणी घातलं. हे म्हणाले, "अगं, मघाशी घातलंस की." मी म्हटलं, नाही घातलं. मग बघितलं तर घटाखालची परात भरून वाहत होती. ह्यांना वयामुळं विसरायला होतं असं मी म्हणत होते, ते आता जरा जपून म्हणावं लागंल.

निकिताचा बोरमाळ बघायचा कार्यक्रम रोज दोनदा. आज म्हणाली, "आई, गोळ्या घेताय ना? मग परत का वाढतंय?" मी म्हटलं, तुझ्यासमोर तर घेते. खोटं काय आहे त्यात, समोरच तर घेते. संध्याकाळी तिनं भूमच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणे सोमवारी दाखवायला आणा, त्याआधी धाप वाढली तर थेट धाराशिव. मी म्हटलं, सोमवारी ललिता पंचमी आहे, आरतीला बायका येतात, डॉक्टरला कळत नसंल तर तुला तरी कळायला पाहिजे.

७ ऑक्टोबर, सोमवार, ललिता पंचमी

हात कापतोय. आरतीचं लिहायचं आहे म्हणून बसले.

ओसरी बायकांनी भरली होती. दुर्गे दुर्घट भारी सुरू झाली आणि माझ्या अंगात थंडी शिरली. दात वाजायला लागले, हात थरथर, मान आपोआप हलायला लागली. थांबवता येईना. सारजाबाई ओरडल्या, "आई आली. बाईंच्या अंगात आई आली." झालं. संबळ नव्हता तर कुणीतरी ताट वाजवायला घेतलं. कपाळाला मळवट भरला. बायका पायावर. सारजाबाई विचारतात, "आई, पोराला नोकरी कवा लागंल?" मी म्हटलं, "गोधडी द्या." त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि मागं बघून म्हणाल्या, "आई गोधडीचं दान मागती."

ह्या असल्या गोष्टींवर मी शाळेत अंधश्रद्धा निर्मूलनाची भाषणं दिलीत. पण खरं लिहायचं तर एक क्षण वाटलं, आली असेल तर? माझं मागणं ऐकायला आली असेल तर?

गर्दीत एकटी निकिता आडवी आली. सगळ्यांना बाजूला सारून माझ्या कपाळावर हात ठेवला, मळवट फासला गेला सगळा. "अंग भाजतंय ह्यांचं. सरका. बाबा, गाडी सांगा." सारजाबाई म्हणाल्या, "पोरी, आई अंगात असताना हात लावू न्हाय." तर म्हणते, "माझीपण आईच आहे, सरका."

पायावर पडलेल्या बायकांना सरका म्हणते. काही रीत आहे का. गाडीचं कशाला काढलं हिनं. मला झोप येतेय. घटाला पाणी

९ ऑक्टोबर, बुधवार, धाराशिव

ह्यांनी पिशवीत चष्मा आणि ही डायरी आणली. टूथब्रश आणला नाही.

नाकात नळी. हाताला सुई. सोमवारची संध्याकाळ आणि सगळा मंगळवार माझ्याकडं नाही. ह्यांनी सांगितलं की ओठ निळे पडले होते. एवढं बोलून ते बाहेर गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

डॉक्टर पोरगी आहे, शिवलीला नाव, उमरग्याकडची, मधेच कानडी हेल काढते. तिनं विचारलं, "आजी, भूमच्या गोळ्या किती दिवस घेतल्या?" मी नळीतून सांगितलं, सगळ्या घेतल्या. "एकपण चुकली नाही?" नाही. तिनं कपाळाला आठ्या घातल्या. म्हणजे त्या औषधाला जंतू दाद देत नाही, म्हणाली. थुंकी तपासायला गेलीय, पण थांबायला वेळ नाही. आत्ता चाललेलं इंजेक्शनही त्याच गोत्रातलं. उद्या दुपारपर्यंत फरक पडला नाही तर त्याच्याही पलीकडचं द्यावं लागेल, शेवटाला राखून ठेवलेलं. किडनीला जड असतं, आणि पाणी न पिऊन माझी किडनी आधीच कुरकुरतेय.

मी डोळे मिटून घेतले. आजारी माणसाला ही सोय चांगली असते.

निकिता घरी निघालीय, कपडे आणायला आणि घटाला पाणी घालायला. तिला हाक मारली. म्हटलं, परडीला हात लावू नको. तिनं ऐकलं का नाही कळलं नाही.

सूनबाईंचं इथं तंत्र बिघडलंय. चांगल्या नव्या चपला होत्या, गौरीला घेतलेल्या, त्या कुठंतरी हरवून आली. दवाखान्याच्या फरशीवर अनवाणी फटफट फिरते. नातेवाइकांना झोपायला बाक आहे, तर बाक सोडून खाली चटईवर झोपते. ह्यांनी कँटीनमधून इडली आणली, तर नको म्हणाली आणि केळं सोललं. बारीक व्हायचं खूळ दिसतंय. सासू मरायला टेकलीय आणि हिचं डाएट चाललंय.

१० ऑक्टोबर, गुरुवार

लाज आणली हिनं. भर वॉर्डात.

दुपारी एसटीनं आली, घामाघूम. पिशवीतून कपडे काढायच्या आधी कागदाची पुडी काढली आणि थेट शिवलीला डॉक्टरच्या हातात दिली. पुडीला कुंकू लागलेलं. डॉक्टरनं उघडली आणि म्हणाली, "अय्यो."

गोळ्या मोजून त्या दोघी माझ्याकडं बघत राहिल्या. मी भिंतीकडं बघितलं. भिंतीला रंग द्यायला झालाय.

मला वाटलं आता भाषण होणार. मी मनात उत्तर तयार केलं होतं, उपासावर, परंपरेवर, सासूबाईंच्या शहाऐंशी वर्षांवर. डॉक्टर खुर्ची ओढून बसली. म्हणाली, "आजी, मी काल त्या गोळ्यांना नापास करून टाकलं होतं. त्या तर परीक्षेला बसल्याच नव्हत्या." मग सांगितलं की दोन दिवसांच्या गोळ्यांनी जंतू मरत नाहीत, दबतात. ताप जातो, आपण म्हणतो जिंकलो, आणि जे उरतात ते चिवट असतात, तेच परत वाढतात. आणि खोटं सांगितलं की डॉक्टर चुकीच्या जंतूच्या मागं लागतो. "तुमच्यावर संध्याकाळी ते शेवटचं औषध चालू करणार होते. उगाच. किडनी बसली असती." आवाज चढवला नाही तिनं. चढवला असता तर मला बरं पडलं असतं, चढलेल्या आवाजाशी कसं वागायचं ते मला येतं.

आहे तेच इंजेक्शन चालू ठेवलं. दोन दिवस अंगात गेल्यावर तेही आता कामाला लागलंय, म्हणाली, मिनिटाला तीसच्या वर होता तो श्वास सकाळपासून जरा कमी झालाय. संध्याकाळी थुंकीचा रिपोर्टही आला, तो हेच म्हणतो. साध्या औषधानं मरणारा साधा जंतू. इतका साधा जंतू मला जवळजवळ घेऊन चालला होता हे वाचून अपमान झाल्यासारखं वाटलं.

डॉक्टर गेल्यावर निकिताला धारेवर धरलं, जेवढं नळीतून धरता येतं तेवढं. "परडीला हात लावायला कुणी सांगितलं?"

"परडी रिकामी ठेवायची नसते, तुम्हीच सांगितलं होतं आई. पीठ-मीठ घालून भरायला उचलली. कवड्या बाजूला केल्या तर पुडी."

"आणि ती डॉक्टरला दाखवायची?"

"मग कुणाला दाखवायची? देवीला? तिनं तर बघितलेलीच होती."

एवढं बोलून ती माझे पाय दाबायला बसली. ती रडली नाही. माझ्या डोळ्याला पाणी आलं, पण ते ह्या नळीनं येतं, शेजारच्या खाटेवरच्या बाईलाही येतं.

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

नळी काढली. ताप नाही. ह्यांनी भूमहून आपट्याची पानं आणली, माझ्या उशाशी सोनं ठेवलं. घट सकाळी ह्यांनीच उठवले. धान कसं आलंय विचारलं तर म्हणाले, "ह्या वर्षी लांब आलंय. दोनदा पाणी पडलं ना एकदा." इतक्या वर्षांत ह्यांनी केलेला हा पहिला विनोद.

मग डबा उघडला. पुरणपोळी. शेजारणींनी करून दिलेली. माझ्या आधी निकितापुढं ठेवला आणि म्हणाले, "घे बाई, पारणं कर."

मी म्हटलं, "कसलं पारणं? हिनं उपास केला कधी?"

हे माझ्याकडं असे बघायला लागले, मी वर्गातल्या ढ पोराकडं बघायचे तसे. "तुझा उपास. तू गाडीत बेशुद्ध, घट तर मधेच उठवता येईना. मी म्हटलं जाऊ दे, आई समजून घेती. ही म्हणाली, घरातल्या दुसऱ्यानं धरला तर चालतो ना, मी धरते. तिथंच उंबऱ्यात चपला काढल्या. सोमवार रात्रीपासून दाणा न्हाय पोटात."

चपला. चटई. इडली. केळं. सगळं मी ह्याच डायरीत लिहून ठेवलंय, तीन दिवसांपूर्वी, माझ्याच अक्षरात. मागचं पान उलटून वाचलं. पुढं वाचवेना.

तिच्या टाचांकडं बघितलं. उजव्या टाचेला भेग पडून रक्त वाळलेलं होतं. अनवाणी भूमला गेली आणि आली, एसटीनं, ऑक्टोबरच्या उन्हात, घटाला पाणी घालायला आणि माझी परडी भरायला.

मी विचारलं, "सकाळी पोहे न खाता डोकं नाही दुखलं?"

"लई दुखलं," ती म्हणाली. आमच्या घरात आल्यापासून ती पहिल्यांदा लई म्हणाली.

"आणि मागितलंस काय?"

"मागितलं काही नाही. मागणं तुमचं होतं, मला कुठं माहीत होतं कशाचं. मी देवीला म्हटलं, आईंनी जे मागितलंय तेच. मी फक्त उरलेले दिवस पुरे करते." मग पोळीचा तुकडा मोडत म्हणाली, "एवढं कडक कशासाठी धरलं होतं आई?"

तोंड उघडलं होतं मी सांगायला. देवाशप्पथ उघडलं होतं. आणि काय म्हणाले तर, "रणधीरच्या प्रमोशनसाठी."

"मग होईल," ती म्हणाली आणि पोळी खायला लागली. ती खात होती तोवर मी खिडकीतून बाहेर बघत होते. हिच्या कुशीसाठी हिच्याच पोटाला पाच दिवस उपाशी ठेवलं मी, आणि वर म्हटलं डाएट. आणि असल्या माझ्या पायावर बायका आई समजून पडल्या.

१४ ऑक्टोबर, सोमवार

घरी आले. रणधीर गाडी घेऊन आला होता, दीड दिवस राहून गेला. दवाखान्यातून निघताना डॉक्टरनं गोळ्या दिल्या, अजून पाच दिवसांच्या. "उपास आला तर राजगिऱ्याच्या लाडवानंतर घ्या, दुधानंतर घ्या, पण घ्या," म्हणाली. "आणि उरवायच्या नाहीत. उरल्या तर मला फोन. शेजारी द्यायच्या नाहीत." ही शेजारचं कुठून ऐकून आली कोण जाणे.

सारजाबाई लगेच हजर. आधी पायावर पडल्या, कारण मी अजून देवीच. पोराच्या नोकरीचं राहिलंच विचारायचं म्हणे. मी म्हटलं, देवी धाराशिवला भरती होती, तिला काही आठवत नाही. मग गोधडी पुढं केली, नवीकोरी, दान मागितलं होतं ना आईनं. ठेवून घेतली. मग हळूच म्हणाल्या, "बाई, गोळ्या उरल्या असत्याल ना? मला बी छातीत कफ वाटतो जरासा."

उरल्या नाहीत म्हटलं. आणि सांगितलं, उद्या सकाळी माझ्याबरोबर स्टँडजवळच्या डॉक्टरकडं यायचं. नाही म्हणायला लागल्या. मी म्हटलं, आई सांगतेय. लगेच तयार झाल्या. म्हणजे ही देवी अगदीच वाया गेली नाही.

निकितानं संध्याकाळी गोळी दिली आणि म्हणाली, "आ करा." मी आ केला. जिभेखाली बघितलं, दोन्ही गालांत बघितलं. दुसरीच्या पोरांचे चिंचेचे गाल मी असेच तपासायचे. ह्यांनी पेपर खाली करून सगळा कार्यक्रम बघितला.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

मंगळवार म्हणजे आईसाहेबांचा उपास, लग्नाआधीपासूनचा. सकाळी उठून सवयीनं दुधाचा कप घेतला आणि परत ठेवला. चुलीपाशी निकिता भाकरी थापत होती, तिच्याच डब्यासाठी, दोन फुटलेल्या आणि एक बरी. म्हटलं, बरी मला वाढ. तिनं दिनदर्शिकेकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी म्हटलं, दिनदर्शिका मला वाचता येते.

भाकरी कडेला कच्ची होती. तसं सांगितलं. मग सांगितलं की आपल्या घरात फुटलेली भाकरी सुनेनं खायची नसते, सासूनं खायची असते. अशी काही रीत नाही. पण तिनं ऐकलं आणि फुटलेल्या दोन्ही माझ्या ताटात आल्या. बरी तिच्या डब्यात गेली. खऱ्या मागण्याचं अजून सांगितलेलं नाही. तिची टाच भरली की सांगीन. तोवर निदान केसांचं काही बोलणार नाही.

तिला उशीर झाला होता. गोळी आणि तांब्या माझ्याशेजारी ठेवला, पायात चपला सरकवल्या, नव्याच, हरवलेल्या नव्हत्या, आणि "आई, येते" म्हणून गेली. आ करा म्हणाली नाही. विसरली का मुद्दाम, मला कळलं नाही.

हे पारावर. घरात कुणी नाही. परडी देव्हाऱ्यात, पीठ-मिठानं भरलेली, निकितानं भरलेली आहे तशीच.

गोळी घेतली, तांब्याभर पाणी प्यायले. मग देव्हाऱ्यासमोर जाऊन बसले, आणि देवीला दिसेल असा आ केला.